लाल ठिपक्याची होडी

सरफराजला दोन गोष्टी येत होत्या: सुतारकाम, आणि हेरपटांच्या पडद्यामागच्या भानगडी. पहिलीवर घर चालायचं, दुसरीवर तो स्वतः चालायचा. शहरात रोशन गेटजवळच्या त्याच्या दुकानात खुर्चीचा पाय बसवायला आलेलं गिऱ्हाईक चार गोष्टी ऐकल्याशिवाय सुटत नसे. हिरो समुद्रात पोहतो, तो समुद्र म्हणजे हौद. पाणबुडी असते प्लायवूडची, तीही एकाच बाजूची. आणि बोट उडते ती थर्माकोलची. "खरी बोट कोण उडवंल? येडे हैं क्या?" असं म्हणत तो रंधा फिरवायचा.

असल्या माणसाच्या दारात एक दिवस सिनेमाच्या कलाविभागातला राजकुमार नावाचा माणूस येऊन उभा राहिला. पैठणजवळ नाथसागरावर हेरपटाचं शूटिंग होतं. आपला नाथसागर पडद्यावर परदेशातलं बंदर होणार होता. खलनायक कोळ्याच्या जुन्या होडीतून पळणार आणि होडी उडणार. एक खरी होडी हवी होती आणि तिच्यासारखी दिसणारी एक खोटी. सरफराजला रात्रभर झोप आली नाही. आजवर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींनी जणू त्याला घरी बोलावलं होतं.

खरी होडी कुणाची, याचा त्याला विचार करावा लागला नाही. काठावरच्या गोकुळ भोयाची होडी तोच दर उन्हाळ्यात दुरुस्त करायचा. साग सोडून कशाला हात लावायचा नाही आणि चहा चार वेळा घ्यायचा, अशी त्यांची जुनी दोस्ती. गोकुळ लगेच हो म्हणाला. त्याची आई चतुराबाई मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. नवरा गेल्यावर ह्याच होडीत बसून तिनं स्वतः जाळं टाकलं होतं, दोन लेकरं वाढवली होती.

"फोडायची म्हणं ना ती?" तिनं विचारलं.

"मावशी, फुटंल ती माझी. तुमची फकस्त फोटोला," सरफराज म्हणाला. "सिनेमात खरी होडी फोडत नाय कुणी. ही माझी जबान हाय."

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मान हलवली. तिला सिनेमाचं काही कळत नव्हतं, पण सरफराजला ती ओळखत होती.

एकोणीस दिवसांत त्यानं खोटी होडी उभी केली. थर्माकोल, पातळ प्लाय आणि रंग. पण काय रंग! खऱ्या होडीच्या काठाला गेलेली चीर, डाव्या बगलेवरचं पत्र्याचं ठिगळ, जाळं ओढून ओढून झिजलेली कड, सगळं जसंच्या तसं. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा खुद्द गोकुळ चुकीच्या होडीला टेकायला गेला आणि खोटीच्या कडेला भेग पडता पडता वाचली. सरफराज इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. ते हसू पुढं त्याला फार महागात पडलं.

राजकुमारनं विचारलं, "पण आमच्या पोरांनी ओळखायची कशी?"

सरफराजनं ब्रश उचलला आणि खोट्या होडीच्या पुढच्या टोकाला, आतल्या बाजूनं, लाल ऑइलपेंटचा एक ठिपका दिला. आतून, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणार नाही. "लाल ठिपका ती खोटी. बारूद तिच्यातच भरायची." राजकुमारनं ते वहीत लिहून घेतलं, आपल्या माणसांना दोनदा सांगितलं. बिचाऱ्यानं काम चोख केलं होतं.

शूटिंगच्या दिवशी सकाळीच सगळ्यांचे फोन पिशवीत घालून बंद केले. हेरपटच तो, एक फोटो बाहेर फुटायला नको. गावकरी, गोकुळ, चतुराबाई आणि सरफराज पाण्याच्या अलीकडं दोरीमागं उभे. पलीकडच्या काठावर परदेशी अक्षरांच्या पाट्या, पिंपं होती आणि नायकाचा डमी धावण्याची तालीम करत होता. सरफराज गोकुळला कानात सांगत होता, "ते पिंप बघ, रिकामं हाय. तो माणूस हिरो न्हाई, त्याच्या जागचा हाय."

दोन माणसांनी लांब बांबूंनी होडी आत ढकलली आणि ती पाण्याच्या मधोमध जाऊन थांबली. सरफराज दोरीवर पुढं झुकला.

थर्माकोल पाण्यावर तरंगतं. ही होडी पाण्यात बसली होती. चार बोटं आत, सागाच्या वजनानं, जशी ती वर्षानुवर्षं बसत आली होती.

"ती खरी हाय," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "अरे, ती खरी हाय!"

दोरीजवळच्या रखवालदारानं ओठांवर बोट ठेवलं. पलीकडून कर्ण्यातून आवाज आला: शांतता. फोन पिशवीत. मध्ये पाणी. सरफराज दोरीखालून वाकून धावला, तर दोघांनी त्याला कमरेत धरलं. त्यानं सगळा जीव घशात आणून ओरडून पाहिलं, "रुको! रुको रे!" गोकुळला अजून कळलं नव्हतं. चतुराबाईला कळलं असावं, कारण तिनं पदर तोंडावर घेतला.

मग आवाज झाला. फळ्या आभाळात गेल्या. पलीकडं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोटी होडी सापडली ताडपत्रीखाली, लाल ठिपक्यासकट. राजकुमार पांढराफटक पडला होता. "दादा, शपथेवर सांगतो, काठावर होती तिच्यात ठिपका होता. पहाटे मी स्वतः टॉर्च मारून बघितला."

सरफराजला काही उमगेना. तेवढ्यात मागं चतुराबाई रडता रडता गोकुळला म्हणाली, "परक्या कामाला चालली म्हून पहाटं उठून कुंकू लावलं रं तिला. टोकाला, आतून. तरी असं कसं झालं?"

बाहेर लावलेलं कुंकू पाणी धुऊन नेतं, म्हणून भोयांच्या घरी ते आतून लावतात. सरफराज ती होडी पाहायचा उन्हाळ्यात, काठावर पालथी, कोरडी. कुंकू त्याला कधी दिसलंच नव्हतं.

तो वाळूत खाली बसला. सांगावं तर म्हातारी उरलेलं आयुष्य स्वतःच्या बोटाकडं बघत काढणार. म्हणून तो म्हणाला, "माझी चूक मावशी. ठिपका मीच चुकीच्या होडीला दिला." राजकुमारनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

कंपनीनं भरपाई दिली, तिच्यातून फायबरची होडी यायची होती. गोकुळ मात्र त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागला. गावात म्हणत, सुतारानं जबान दिली आणि घालवली. सरफराज ऐकून घेई. दुकानात गोष्टी सांगणं त्यानं बंद केलं. गिऱ्हाइकांना वाटलं, त्याची तब्येत बरी नाही.

वर्षभरानं सिनेमा आला, आणि पाठोपाठ मोबाइलवर त्याच्या पडद्यामागच्या गोष्टी. एक हसरी मुलगी सांगत होती: तुम्हाला माहीत आहे का? उडालेली होडी थर्माकोलची होती, एका स्थानिक सुतारानं केलेली, आणि खरी होडी आजही मासेमारी करते! आणि स्फोटाआधी ऐकू येणारी ती किंकाळी पटकथेत नव्हतीच. गर्दीतून कुणीतरी इतकं मस्त ओरडलं की दिग्दर्शकानं तशीच ठेवली. खाली हजारो लोकांनी हसरे चेहरे टाकले होते. सरफराजनं तो व्हिडिओ एकदाच पाहिला.

त्याच आठवड्यात नवी होडी आली. गोकुळनं बोलावलं नव्हतं, तरी सरफराज गेला. पांढरीशुभ्र, हलकी होडी काठाच्या पाण्यात डुलत होती. चतुराबाई ताटली घेऊन आली. त्याला पाहून ती थांबली, मग म्हणाली, "आलास? धर जरा. हिला वजनच नाय बघ."

त्यानं होडी धरली. ती टोकाशी वाकली.

"मागल्या बारीला एकच बोट लावलं व्हतं," ती हळूच म्हणाली. "कमी पडलं बघ. ह्या बारीला दोन लावते."

तिनं दोन बोटं कुंकवात बुडवली. सरफराजनं होडी हलू नये म्हणून ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.