दारोदार फिरलेला कालथा

मी एक जुना लाकडी कालथा आहे. हसू नका, मित्रांनो! कालथ्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटत असेल. पण मी इंग्लंडातल्या वॉटफर्डमध्ये निवडणुका लढवल्या आहेत. पातेल्यात फिरलो त्याच्या कितीतरी पट जास्त मी लोकांच्या दारांतून फिरलो. तिथे जे पाहिलं त्याचं नवल माझ्या मनातून अजून सरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे.

माझा जन्म रेवदंड्याचा. एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून तासलं. पुढून रुंद, चपटा आणि कडेला पातळ. रूथबाईंच्या आईने मला मुद्दाम करून घेतलं होतं. लेक लग्न करून विलायतेला निघालेली, तिथे सणाचा हलवा ढवळायला कालथा कुठून मिळणार? रूथबाई म्हणजे आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, मराठी ज्यू. नव्या वर्षाच्या सणाला त्यांच्याकडे गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून हलवा करतात. तो ढवळणं म्हणजे काही खायचं काम नाही! हात थांबला की हलवा तळाला लागलाच. रूथबाई दमल्या की त्यांचे यजमान राफाएल ढवळायचे, ते दमले की लेक डेबोरा. त्या ढवळण्यात माझी एक कड झिजून तिरपी झाली. तीच पुढे माझ्या कामी आली.

मग घरात न चिकटणारी भांडी आली, त्यांच्याबरोबर रबरी उलथणी आली आणि माझी रवानगी ड्रॉवरच्या तळाशी झाली. वर बटाटे सोलायची सुरी, खाली मी. वाईट वाटलं बरं का. ज्या घरासाठी समुद्र ओलांडला, तिथे आपली कुणाला आठवणही नाही, हे कुणाला आवडेल?

त्या ड्रॉवरमधून मला बाहेर काढलं ते एका कुत्र्याने.

झालं असं, की रूथबाई पहिल्यांदा कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला उभ्या राहिल्या. इकडे सभा, मिरवणुका, भोंगे असलं काही नसतं. उमेदवार स्वतः पायी फिरतो, बेल वाजवतो, मत मागतो. दार उघडलं नाही तर दारातल्या पत्राच्या फटीतून आपलं पत्रक आत सरकवतो. ही फट मोठी खट्याळ! तिला वरून स्प्रिंगचं झाकण, आतून ब्रशासारखे राठ केस आणि पलीकडे बऱ्याचदा एखादं चिडलेलं कुत्रं. रूथबाईंनी बोटं आत घातली आणि कुत्र्याने ती धरली. बोटाला पट्टी बांधून त्या घरी आल्या आणि तडक स्वयंपाकघरात शिरल्या. माझी झिजलेली कड त्यांनी अंगठ्याने चाचपली.

"हाच!" त्या म्हणाल्या. "पत्रक याच्यावर ठेवायचं आणि ढकलायचं. चाव म्हणावं आता!"

तेव्हापासून मी रूथबाईंचा उजवा हात झालो. निवडणूक आली की पिशवीत मी आणि पत्रकं. निवडणूक संपली की गाडीच्या डिकीत, काच खरवडायच्या फावडीशेजारी. एका हिवाळ्यात तर मलाच काचेवरचा बर्फ खरवडावा लागला. माझ्या अंगावर दातांचे व्रण उठले, शाईचे डाग पडले. पण रूथबाई जिंकत गेल्या. दर वेळी.

आणि त्या फटीतून मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! चिखलाचे बूट, चाकाच्या खुर्च्या, बाबागाड्या, न उघडलेल्या पत्रांचे ढीग. प्रत्येक दारामागे एक अख्खं जग. आणि कौन्सिलर झालेली बाई, जिच्या सहीने रस्ते खणले जातात, ती पावसात भिजत त्या जगाला विचारते, "मला अजून एकदा ठेवाल का?" समोरचा माणूस चहाचा मग हातात धरून खुशाल "नाही" म्हणू शकतो. मी थक्क व्हायचो. प्रत्येक वेळी नव्याने थक्क व्हायचो.

असा खुशाल "नाही" म्हणणारा एक माणूस समोरच राहायचा. जयंतराव. रूथबाईंनी आमच्या रस्त्यावर गाड्या लावायला पैसे भरून घ्यायचं परमिट आणलं, तेव्हापासून त्यांचा राग.

"रूथबाई, माणूस म्हणून तुम्ही लाखात एक," ते दारात उभे राहून सांगायचे. "पण मत नाही हं."

"नका देऊ. पण मतदानाला याल ना? गुडघा कसा आहे?"

"गुडघा बोंबलतोय."

"मग गाडी घेऊन येते."

रूथबाईंचा नियमच होता तो. वॉर्डातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला चालवत नाही, त्याला मतदानाला त्या गाडीतून न्यायच्या. मत कुणाला, ते विचारायच्या नाहीत. जयंतरावांच्या बाबतीत तर विचारायची गरजच नव्हती! ते गाडीत बसून वाटभर परमिटबद्दल भांडायचे, मत विरोधात टाकायचे आणि त्याच गाडीतून घरी यायचे.

आता या मे महिन्याची गोष्ट. राफाएल जाऊन दोन वर्षं झालेली. रूथबाईंचे पायही आता लवकर दुखायचे. तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या, कारण शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगचं काम कौन्सिलमध्ये शेवटच्या टप्प्यावर होतं. त्या रस्त्यावर मुलं जीव मुठीत धरून पळायची. "तेवढं एक क्रॉसिंग होऊ दे," त्या डेबोराला म्हणायच्या, "मग मी खुशाल घरी बसेन."

समोर उभी होती वरदा. इथेच जन्मलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी चटपटीत मुलगी. रूथबाई पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा ती जन्मलीही नव्हती. एकदा दोघी एकाच फाटकात समोरासमोर आल्या, तर वरदाच्या बोटाला पट्टी!

"बिस्किटने?" रूथबाईंनी विचारलं. बिस्किट म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातला टेरियर. माझ्यावरचे ताजे व्रण त्याचेच.

"हो ना, आंटी! माझा बोट खाल्ला त्याने!" वरदा म्हणाली आणि दोघी खो खो हसल्या. हसून झाल्यावर दोघीही आपापल्या दिशेने मतं मागायला निघून गेल्या.

मतदानाच्या दिवशी दुपारी रूथबाईंनी जयंतरावांना गाडीत घेतलं. केंद्रावर पोचल्यावर म्हातारबुवा खिसे चाचपायला लागले. हल्ली इथे मत द्यायला फोटोचं ओळखपत्र लागतं. जयंतरावांचा बसचा पास चालला असता, पण तो राहिला होता दुसऱ्या कोटात!

"जाऊ द्या," ते म्हणाले. "एका मताने काय होतंय?"

रूथबाईंनी गाडी वळवली. तेवढ्यात डेबोराचा फोन आला. ती आईची सगळी मोहीम सांभाळत होती.

"मम्मी, कुठे आहेस तू? आपले लोक लिफ्टसाठी थांबलेत!"

"जयंतरावांचा पास आणायला चाललेय."

"अगं, ते तुला मत देत नाहीत! सगळ्या रस्त्याला माहितीये!"

"माहितीये मलाही," रूथबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पास आणला, जयंतरावांना हाताला धरून आत सोडलं आणि आपल्या लोकांना न्यायला धावल्या. सगळ्यांना नेलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाच्या हॉलमध्ये मतमोजणी होती. मी रूथबाईंच्या पिशवीतून डोकं काढून बघत होतो. मित्रांनो, असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं! बॅडमिंटनच्या आखलेल्या कोर्टावर लांबच लांब टेबलं. कुणाच्याच बाजूची नसलेली साधी माणसं बोटांना रबरी टोप्या घालून कागद मोजताहेत. दोरीला बांधलेल्या बोटभर पेन्सिलीने काढलेल्या फुल्या. त्यातली कुठली बंगलेवाल्याची आणि कुठली रस्ता झाडणाऱ्याची, कुणीही सांगावं! सगळ्यांची जाडी सारखी, सगळ्यांचं वजन सारखं. एका मतपत्रिकेवर कुणीतरी लिहिलं होतं, "दोघीही चांगल्या आहेत." अधिकाऱ्याने ती दोन्ही बाजूंना दाखवली, सगळे हसले आणि ती बाद झाली.

मोजणी संपली. पुन्हा मोजा म्हणाले. पुन्हा मोजली. मग अधिकाऱ्याने दोघींना जवळ बोलावलं. मतं समसमान होती.

डेबोराच्या तोंडचा रंगच उडाला. बसचा पास तिच्या डोळ्यांत दिसत होता.

अशा वेळी इथला कायदा म्हणतो, चिठ्ठी टाका. अधिकाऱ्याने दोन सारख्या कागदांवर दोन नावं लिहिली, सारख्या घड्या घातल्या आणि रिकाम्या मतपेटीत टाकल्या. पेटी हलवली. माझी मालकीण पेटीकडे बघत ताठ उभी होती. तिने इतकी वर्षं झिजवलेले जोडे, ते क्रॉसिंग, सगळं त्या घडीत होतं. मान दुसरीकडे वळवून अधिकाऱ्याने पेटीत हात घातला.

वरदाचं नाव निघालं.

मी वाट बघत होतो, आता कुणीतरी ओरडेल, पेटी फेकेल. कुणी काही केलं नाही. रूथबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि चार पावलं चालून जाऊन आधी वरदाचा हात हातात घेतला. ती पोर तर रडत होती! एवढी सत्ता अशी एका कागदाच्या घडीसरशी या हातातून त्या हातात गेली, ना शिवी ना धक्काबुक्की. मी लाकूड आहे, तरी मला भरून आलं.

संध्याकाळी जयंतराव काठी टेकत घरी आले. दारातच उभे राहिले.

"रूथबाई, त्या पासासाठी तुम्ही मागे फिरला नसतात तर..."

"तर काय? मत तुमचं होतं. गाडी माझी होती. दोघांनी आपापलं काम केलं." मग त्यांनी दार पूर्ण उघडलं. "वाईट वाटतंय हो जयंतराव. खोटं कशाला बोलू? पण चहा घ्या."

चहा पिता पिता जयंतराव म्हणाले, "पुढच्या वेळी माझं मत तुमच्या पक्षाला."

पुढच्या आठवड्यात वरदा भेटायला आली. रूथबाईंनी तिला शाळेसमोरच्या रस्त्याचं सगळं समजावून सांगितलं. मग पिशवीतून मला काढलं. माझ्या झिजलेल्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला आणि मला वरदाच्या हातात ठेवलं.

"आंटी, हे तुमच्या आईचं आहे ना? मी कसा घेऊ?"

"घे गं. दारं तीच आहेत, बिस्किटही तोच आहे. आणि एक लक्षात ठेव. समोरच्या जयंतरावांचा गुडघा दुखतो. पुढच्या वेळी ते तुझ्याविरुद्ध मत देणार आहेत." रूथबाई हसल्या. "न्यायचं मात्र तू."

मित्रांनो, आता मी वरदाच्या पिशवीत असतो. शाळेसमोर पांढरे पट्टे पडलेत. परवाच आम्ही त्यांच्यावरून गेलो. एक लाल गाडी आमच्यासाठी थांबली.

तुमच्याजवळ मागायचं ते एवढंच. दारातून पत्रक आलं तर फेकण्याआधी क्षणभर थांबा, पलीकडे कुणीतरी पावसात उभं असतं. कुत्र्याला तेवढं दारापासून लांब ठेवा. आणि मोठे झालात, मत द्यायला निघालात, की शेजारच्या दुखऱ्या गुडघ्याच्या आजोबांनाही बरोबर न्या. त्यांचा पास घरी राहिला असेल, तर मागे फिरा.