उत्तराचं चित्र

उत्तराने कॅनव्हासवरचं फडकं ओढलं आणि ती बघतच राहिली.

"मी कुठे आहे यात?"

"हे सगळं तूच आहेस," तिचा नवरा, नंदकुमार म्हणाला.

चित्रात ना नाक होतं, ना डोळे. पिवळ्या रंगाचा मोठा फुगवटा, त्याला गुलाबी कडा आणि खाली करड्या रंगाचा पसरत गेलेला डाग. यासाठी ती कित्येक रविवार लग्नातला शालू नेसून मान न हलवता बसली होती. आमटी करपली तरी उठली नव्हती.

नंदकुमार मुलुंडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. चेहरे इतके हुबेहूब काढायचा की शेजारपाजारचे हौसेने त्याच्यासमोर येऊन बसत. मग तो थिऑसॉफीच्या, म्हणजे आत्म्याच्या गूढविद्येच्या, अभ्यासमंडळात जाऊ लागला आणि त्याला माणसांभोवती रंग दिसू लागले. युरोपातले नवे चित्रकारही याच वाटेने गेले, असं तो भेटेल त्याला सांगे. तेव्हापासून घरात नुसती वर्तुळं आणि डाग.

"आईला कळवून बसलेय मी, माझं चित्र पाठवते म्हणून. आता काय हे धिरडं पाठवू?"

"चेहरा वरवरचा असतो गं. पिवळी तुझी बुद्धी. गुलाबी माया."

"आणि हे खाली काय सांडलंय?"

तो फडक्याने ब्रश पुसत राहिला.

"सांगा ना. एरवी सगळ्या गावाला व्याख्यानं देता."

"करडा म्हणजे भीती," तो म्हणाला. "मला तो नको होता. खरवडूनही काढला. पण तू समोर बसलीस की परत तोच दिसायचा. श्रावणापासून. कशाची भीती, ते नाही कळलं."

उत्तराचा हात नकळत छातीशी गेला. तिने तो खाली घेतला.

"भलतंच काहीतरी," म्हणत ती आत गेली. चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडून तशीच उभी राहिली. या माणसाला आमटीत मीठ नसलं तरी कळत नसे.

स्टोव्ह बंद करून ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली.

"उद्या शाळेत रजा टाका. डॉक्टरांकडे जायचंय. गाठ लागतेय मला, इथे."

नंदकुमारच्या हातातलं फडकं थांबलं.

"कधीपासून?"

"कधीपासून ते तुम्हीच सांगितलंत ना आत्ता," ती म्हणाली.