ओमेश्वरीच्या हळदीची रील

मी एक जुना कॅमेरा आहे, सालेकशाच्या शिवलाल फोटोग्राफरचा. जुना म्हणजे मोडका नव्हे, मित्रांनो! यंदाच्या उन्हाळ्यातच मी एका लग्नाला जाऊन आलो आणि तिथे बसलेला धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

माझ्या पोटात फिल्म बसते. आमच्याकडे तिला सगळे रील म्हणत. माझ्या उमेदीच्या काळात शिवलालने मला कचारगडच्या गुहेत नेले, तेही शंभर नंबरची रील घालून. ही रील उन्हात सुंदर रंग देते, अंधारात मात्र तिला काही म्हणता काही दिसत नाही. छत्तीसच्या छत्तीस फोटो काळे निघाले. तेव्हापासून शिवलाल आधी जागा बघू लागला आणि मग रील निवडू लागला. उघड्या अंगणाला शंभर, मांडवाच्या सावलीला दोनशे, घरातल्या अंधाराला चारशे. लोक त्याच्या फोटोंची वाहवा करत आणि मी उगाचच फुशारून जाई.

पुढे फोन आले आणि मी फडक्यात गुंडाळला जाऊन कपाटात गेलो. एकोणीस वर्षे! धूळ झटकायलाही कुणी आले नाही.

मग एक दिवस बाहेरून आवाज आला. शेजारच्या गावच्या सुखवंताबाईंची मुलगी ओमेश्वरी बोलत होती.

"काका, माह्या हळदीची रील तुमीच बनवा. टिकेशदादाले सुट्टी नाही भेटली. त्याले दाखवाची आहे."

टिकेश तिचा भाऊ. फौजेत आहे, दूर डोंगरातल्या चौकीवर.

रील! तो शब्द ऐकून मी कपाटातच दचकलो. शिवलालने कपाट उघडून मला बाहेर काढले. तो लगेच त्यांचे घर बघून आला. हळद अंगणातल्या मांडवात होती, पण आतली खोली काळोखी. "मांडवात रंग थोडे कमी आले तं चालते, पण घरातलं सुटलं नाही पाह्यजे," असे पुटपुटत त्याने नागपूरहून चारशेची रील आणली.

हळदीच्या सकाळी ओमेश्वरीने सगळ्यांना बजावले, "फोन आत ठेवा जी! काका रील बनवून राहिले." सगळ्यांनी ऐकले. आम्ही छत्तीस फोटो काढले. मग पिवळ्या तोंडाने ती धावत आली.

"द्या ना काका. दादाच्या चौकीवर संध्याकाळी घडीभरच रेंज येते."

"काय देऊ?"

"रील!"

"थे तं धुवाले नागपूरले जाईन, बाई. आठ दिवस लागतीन."

"धुवाले? रील कायले धुता?"

तिला फोनवरचा गाणे लावलेला छोटा व्हिडिओ हवा होता. मी तर सुन्नच झालो. मी कपाटात असताना शब्द तोच राहिला, वस्तू बदलली, आणि आम्हा दोघांना कुणी सांगितलेच नाही! ओमेश्वरी रडत होती. फोन आत ठेवल्याने हळद कुणीच टिपली नव्हती, म्हणून त्या संध्याकाळी टिकेशला काहीच दिसले नाही.

आठ दिवसांनी फोटो आले. त्यातले दोन शिवलालने बाजूला काढून उजेडात धरले. पहिल्यात काळोख्या खोलीत सुखवंताबाई एकट्याच उभ्या होत्या. हळदीचे बोट भिंतीवरच्या टिकेशच्या फोटोकडे नेलेले, पण मध्येच थांबलेले. जिवंत माणसाच्या फोटोला टिळा लावत नाहीत. दुसऱ्यात त्यांनी ते बोट स्वतःच्याच गालाला लावले होते. खटका माझाच दाबला गेला होता, तरी त्या वेळी मला काही कळले नव्हते. शंभरची रील असती तर दोन्ही फोटो काळे आले असते.

शिवलालने ते टपालाने चौकीवर पाठवले. काही दिवसांनी टिकेशचा फोन आला.

"काका, आईनं हळद मलेच लावली न?"

"हो रे, तुलेच," म्हणत शिवलालने मला फडक्याने पुसायला घेतले.

मित्रांनो, नवे आले की आम्हाला खुशाल कपाटात ठेवा. फक्त अधूनमधून बाहेर काढा, फडक्याने पुसा आणि कोणत्या शब्दाचा अर्थ बदलला तेवढे सांगत जा. ओमेश्वरीचे ते रडणे मला अजून ऐकू येते.