बाजारचौकातला खांब

कमरुद्दीन बँडमास्तरांनी लाकडी मोगरी खांबावर हलकेच मारली आणि लगेच कान खांबाला लावला.

"ऐका बाई, काय आवाज आहे! माझ्या अख्ख्या बँडमंदी असा ढोल नाई."

गिरजाबाई चार हात दूर उभ्या होत्या. एरवी मास्तरांच्या आधी त्यांनीच कान लावला असता. आज त्यांनी पदर खांद्याभोवती घट्ट ओढून घेतला आणि "संध्याकाळी ऐकूच की," एवढेच म्हणाल्या.

नागपूरला नव्या शिल्पांचे प्रदर्शन पाहून आल्यापासून चांद्यातही असे काही घडावे, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी नवकला मंडळ काढले. गावातल्या पोरांकडून नगरपालिकेच्या भिंतीवर निळा वाघ रंगवून घेतला. हसणाऱ्यांना त्याच भिंतीपुढे उभे करून तो पुन्हा नीट पाहायला लावले. लग्नाच्या वराती वाजवणाऱ्या कमरुद्दीनांना त्यांनी विचारले होते, "मास्तर, आजवर कोणी वाजवले नाही असे काही वाजवाल का?" मास्तर कामाला लागले. आरागिरणीतली करवतीची पाती, पाणी भरलेल्या काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, सारे त्यांनी सुरात आणले. त्या मेळाच्या मधोमध उभे करायला भव्य असे काही हवे होते. जंगलाच्या ठेकेदाराने भामरागडच्या पलीकडून हा कोरीव सागवानी खांब पाठवला, तेव्हा गिरजाबाईंनी त्याच्यावरून लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला होता. चंद्र, हरणे, पिसारा उभारलेला मोर. कोणत्या हातांनी कोरले असेल!

तो हात त्यांनी आज सकाळपासून अनेकदा धुतला होता.

खांब आणणारा गाडीवान इसरू सकाळी ओसरीवर येऊन बसला होता. मुंडाशाचे टोक तो बोटांभोवती गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "बाई, हा खांब पडेल नव्हता. गाडेल होता. तिकडे माणूस मेला का त्याच्यासाठी असा खांब उभा करतेत. ठेकेदारानं उपटून आणला. मले रस्ताभर झोप नाई आली."

"कलेक्टरसाहेब यायचे आहेत," गिरजाबाई म्हणाल्या होत्या. "कार्यक्रम होऊन जाऊ दे. तोवर तोंड उघडू नकोस."

इसरूने मान खाली घातली आणि तो गेला. त्यांच्यापुढे आजवर कोणी दुसरे काही केले नव्हते.

ऊन कलले तसा चौक भरला. कलेक्टरसाहेब पुढच्या खुर्चीवर बसले. मास्तरांनी मान डोलावली आणि पात्यांतून एक लांब थरथरता सूर निघाला. बाटल्या किणकिणल्या, डबे बोलू लागले, आणि त्या सगळ्याखालून खांबाचा जड, भरलेला ठोका.

"बाई, भांडे घासून राह्यले का हे?" मागून देवाजी वकिलांनी विचारले.

गिरजाबाईंनी नुसते वळून पाहिले. वकिलांनी अडकित्ता खिशात घातला आणि ताठ बसले. हळूहळू लोकही ताठ झाले. कोणीतरी मान डोलावू लागले. ज्या घटकेची त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती ती हीच. आणि प्रत्येक ठोक्याला त्या डोळे मिटून घेत होत्या.

आठवडी बाजारात टोपल्या विकून परत निघालेली बुधरी गर्दीतून वाट काढत पुढे आली. ती धानोऱ्याकडची, तिकडेही मेलेल्यांसाठी असेच खांब उभे करत; गिरजाबाईंच्या घरातली सुपे, टोपल्या तिच्याच हातच्या. खांब पाहून ती थबकली. डोक्यावरचे ओझे उतरवून तिने कमरेच्या पुरचुंडीतली चिमूटभर तंबाखू खांबाच्या बुडाशी ठेवली. मग गिरजाबाईंच्या कोऱ्या कपाळाकडे पाहत ती त्यांच्यापाशी आली.

"तुहा माणूस का, बाई?"

गिरजाबाईंची मान हलली. त्यांनी ती हलवली की आपसूक हलली, हे त्यांनाही सांगता आले नसते.

"मंग त्याले बडवून काऊन राह्यले?"

बुधरीनेच समजूत करून घेतली.

"शयरातली रीत असंन," ती म्हणाली आणि खांबाशी मांडी घालून रडगाणे म्हणू लागली.

तो आवाज आधी कोणाच्या ध्यानात आला नाही. मग मास्तरांनी हात वर केला. पाती थांबली, बाटल्या थांबल्या. बुधरीचा सूर वर चढे, तुटे, जमिनीला टेकून पुन्हा उठे. मास्तर डोळे मिटून तिच्यामागून अगदी हलके ठोके देत राहिले.

"ही गाणारी तुमचीच निवड दिसते," कलेक्टरसाहेब कुजबुजले. "कमाल आहे, गिरजाबाई."

बुधरी एकाएकी थांबली.

"नाव सांग, बाई. आता नाव घ्या लागते. नाई त त्याले समजत नाई, कोणासाठी रडून राह्यले ते."

लग्नातल्या उखाण्यानंतर गिरजाबाईंनी यजमानांचे नाव कधी उच्चारले नव्हते. ते गेले तेव्हाही नाही. आता ते ओठांवर आले. ते एक नाव घेतले असते तर गाणे पुरे झाले असते, टाळ्या पडल्या असत्या, संध्याकाळ साजरी झाली असती. इसरू गाडीच्या जूला टेकून जमिनीकडे पाहत उभा होता.

त्या उठल्या. चारचौघांत नेहमी शुद्ध, घडीव बोलणाऱ्या गिरजाबाईंच्या तोंडून माहेरची बोली निघाली.

"मले याचं नाव ठाऊक नाई, बुधरी. माहा माणूस नाई हा. दुसऱ्या कोणाचा उपटून आणला. कोणाचा, ते मी इचारलंबी नाई."

बुधरीने खांबाकडे पाहिले.

"मंग याचे लोक तिकडे कोणापाशी बसून रडत असतीन?"

मग मागच्या रांगेत एक टाळी वाजली. दुसरी वाजली. कलेक्टरसाहेब उभे राहिले, त्यांच्यामागे देवाजी वकील, आणि बघता बघता सारा चौक टाळ्यांनी दणाणून गेला.

गिरजाबाई दोन्ही हात वर करून थांबा, थांबा म्हणत होत्या. लोकांना वाटले, बाई नमस्कार करताहेत.