बाकावरचा माणूस

तिनं नकाशावरचं त्याचं बोट उचललं आणि डोंगराच्या कुशीत, थोडं डावीकडे नेऊन ठेवलं.

"स्टेशनच्या पुढच्या दारानं नको. तिकडे चढ आहे, बर्फात तुमचा गुडघा कुरकुरेल. मागच्या गल्लीत पायऱ्या आहेत, कठडा धरून जाता येतं."

"तुला कसं माहीत?"

"आहे माहीत," ती म्हणाली आणि त्याचा लोकरी मोजा रफू करू लागली.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. खडखडणाऱ्या लिफ्टचं त्याला काही वाटत नसे. अजिबात आवाज न करणारी मात्र तो दोनदा तपासायचा. दर हिवाळ्यात त्या बर्फाच्या शहराचा बेत ठरायचा, दर हिवाळ्यात कुणीतरी कुठेतरी दोन मजल्यांच्या मधे अडकायचं आणि त्याची रजा रद्द व्हायची. ती कधी भांडली नाही. तिचं ते न भांडणं आज त्याला पहिल्यांदाच खटकलं.

"स्कीचं सामान भाड्यानं कुठे मिळेल गं?" त्यानं सहज विचारल्यासारखं केलं.

"चौकात, निळ्या दाराच्या दुकानात. पण घाईगडबड चालायची नाही हं. मालक बाहेर बाकावर झोपलेला असतो, तोंडावर टोपी घेऊन. ढगळ्या."

"ढगळ्या?"

"मीच ठेवलंय नाव. त्याच्या स्वेटरात दोघं मावतील!"

ती हसली. असं हसू त्यानं या घरात कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यानं कप बशीत ठेवला, तो कलला. पुन्हा ठेवला.

"तू जाऊन आलीयस तिथे."

टाका घालता घालता तिचा हात थांबला. "हो."

"कुणाबरोबर?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि तिनं मोबाइल आणून त्याच्यासमोर धरला.

स्क्रीनवर रस्त्याचे फोटो होते. बाण दाबला की चार पावलं पुढे सरकणारे. गल्ली, पायऱ्या, कठडा. निळं दार. बाकावर झोपलेला माणूस.

"तुम्ही दुपारपाळीला गेलात, की मी निघते," ती म्हणाली. "हा बघा. कधीही जा, झोपलेलाच. सुखी जीव!"

फोटोतला माणूस उठणार तरी कसा, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. छातीवरचा दगड उतरला तसा तो मोठ्यानं हसला.

"म्हणजे एकटीच भटकत होतीस! वेडीच आहेस."

"एकटी कशाला? आपण दोघं जातो की."

"हो का? मग मी कुठे असतो?"

तिनं बाण दाबत दाबत चौक ओलांडला. लाकडी सज्जाचं एक हॉटेल आलं.

"इथे. वरच्या खोलीत. तुम्हाला फोन येत असतात ना. मी म्हणते, तुमचं चालू द्या, मी जरा पाय मोकळे करून येते."

तिनं मोजा पुन्हा हातात घेतला.

त्यानं मोबाइल जवळ ओढला. वरच्या मजल्यावरची खिडकी दोन बोटांनी मोठी केली, आणखी मोठी केली. काचेत समोरचा डोंगर तेवढा दिसत होता.