शून्याखालची रेघ

बुंगोमा गावाच्या चौकात मी भाजलेलं कणीस खात होते, तेवढ्यात मोटरसायकलवाल्यांचे हॉर्न एकदम कोकलायला लागले. हे हॉर्न म्हणजे बोलावणं. मी धावले. मुखवाना नावाचा त्यांच्यातलाच एक, मोटरसायकलवर भाडी मारणारा, मटाटूच्या, म्हणजे वडाप गाडीच्या, चाकाखाली मरून पडला होता, आणि मटाटूचा ड्रायव्हर बारासा याला खाली ओढून सगळे तुडवत होते. त्याचे दात सांडले होते. कुणीतरी टायर त्याच्या गळ्यात घातला, कुणी पेट्रोल ओतलं.

"मागे घेतली यानं गाडी!" सिमियू ओरडत होता. "आधी पाडला, मग मागे येऊन चिरडला! हे बघा!"

त्याच्या हातात बारासाचा मोबाइल होता. मालकानं गाडीत बसवलेलं यंत्र त्यावर आलेख काढतं. सिमियू बारावीपर्यंत माझ्याकडे भौतिकशास्त्र शिकला, त्यामुळे त्यांच्यात तोच शहाणा.

"रेघ शून्याखाली गेलीय! शून्याखाली म्हणजे मागे!"

माझं डोकं फिरलं. कोपरं मारत आत घुसले. एकानं मला गुद्दा घातला, मी त्याला चावले.

"मुडद्या, उभ्या अक्षावर काय लिहिलंय? वाच!"

"मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका."

"वाच म्हणते ना!"

"त्वरण," तो म्हणाला.

"मग वेगाचा आलेख काढ."

त्यानं बोट फिरवलं. रेघ उंचावरून धाडकन शून्यावर आली होती आणि तिथंच आडवी पडली होती.

"थांबल्यावर गाडी हलली का?"

"नाही."

"मग त्वरण शून्याखाली कशानं गेलं रे?"

सिमियूनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बारासा टायरच्या आतून आमच्याकडे बघत होता. त्याचा एक डोळा मिटला होता.

"ब्रेक," सिमियू पुटपुटला. "मॅडम, त्यानं ब्रेक दाबला होता."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग!"

तो वळला. "थांबा! माझं चुकलं! त्यानं ब्रेक—"

पण हॉर्न वाजत होते, आणि काडी आधीच ओढली होती. भप्पकन जाळ झाला. सिमियूनं जाकीट काढलं आणि त्या आगीवर झोडपत सुटला. त्याच्या हाताची कातडी सोलली तरी थांबला नाही. आम्ही त्याला ओढून बाजूला केलं, तेव्हा बारासा हलायचा थांबला होता.

"ब्रेक होता," सिमियू प्रत्येकाची कॉलर धरून सांगत होता, "ब्रेक होता रे!"

ते मोटरसायकली चालू करून निघून गेले.