मळक्या मनाची कुंडी

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी पेणच्या त्या मंगल कार्यालयात चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. आत बायाबापड्या मांडीवर एकेक कुंडी घेऊन बसल्या होत्या. कुंडीत जाड, रसरशीत पानांचं झाड आणि त्यावर लाल-केशरी फुलांचे झुबके. समोर व्यासपीठावर पर्णानंद महाराज, गळ्यात त्याच फुलांची माळ.

"दिवाळीनंतर आम्ही तुम्हाला नुसती पानं दिली. एक तरी कळी होती का?"

"नाय," सगळा हॉल म्हणाला.

"खत घातलंत?"

"नाय."

"मग हे पुण्यपर्ण फुललं कशानं? तुमच्या मनानं! मन निर्मळ, तर फूल. आम्ही काही करत नाही. आम्ही फक्त देतो."

देतात ते पनवेलकडच्या नर्सरीतून टेम्पो भरभरून आणून देतात, एवढंच सांगायचं राहिलं. नर्सरीवाला त्या झाडाला कलांचो म्हणतो. आपल्या पानफुटीचंच ते भावंड. काही भाविकांनी त्याला रोज तांब्याभर तीर्थ पाजून मुळं कुजवली होती. त्यांची पापं फार, असं महाराजांचं निदान होतं.

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे अशा ठिकाणी मला हसू येतं. त्या दिवशी ते फार टिकलं नाही, कारण पुढच्या रांगेत माझी बहीण समीक्षा बसली होती आणि तिच्या कुंडीत नुसती पानं होती. हिरवीगार, तकतकीत, पण फुलाचा पत्ता नाही.

महाराजांनी ती कुंडी उचलून सगळ्यांना दाखवली. "झाड निरोगी आहे. म्हणजे दोष झाडाचा नाही. घरात एक मन मळकं आहे. कोण सांभाळतं ही कुंडी?"

"सून माझी," तिची सासू चंद्रावतीबाई म्हणाली. "गणपतीचे डोळे काढते."

"मळक्या हातानं देवाला डोळे?" महाराजांनी डोळे मिटून घेतले. "वर्षभर तिनं मूर्तीला हात लावू नये."

सगळा हॉल तिच्याकडे वळून बघू लागला. समीक्षानं हात पदराखाली घेतले.

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत मूर्तीचे डोळे शेवटी काढतात आणि ते काम सगळ्यात सरावलेल्या हाताकडे असतं. असाच एक कारखाना चालवणारे तिचे सासरे हैबतराव यांनी स्वतःच्या मुलाला बाजूला ठेवून सुनेच्या हातात तो कुंचला दिला होता. दुसऱ्या दिवशी कुंचला पगारी कारागीर निलेशकडे गेला आणि समीक्षा कोपऱ्यात साचे घासायला बसली. नवरा अमोल धाटावच्या कंपनीत असतो. शिफ्टचं कारण पुढे करून तो गप्प राहिला.

मी भेटायला गेलो तेव्हा तिनं मान वर केली नाही. "दादा, खरंच असेल काय रे? सासूचा राग येतो मला कधीकधी. त्याचंच असेल."

मला संताप आला, आणि संतापात माणसाची अक्कल गहाण पडते. मी म्हणालो, "नर्सरीतून फुललेली कुंडी आणतो. गुपचूप बदलून टाकू. मिटलं."

"म्हणजे आता खोटेपणा पण करायचा?" तिनं विचारलं.

मला माझीच लाज वाटली. वर्गात फळ्यासमोर प्रयोगाच्या गोष्टी करणारा मी, आणि सुचलं काय, तर महाराजांचीच हातचलाखी. मग खाली बसलो आणि आधी जे विचारायला हवं होतं ते विचारलं. कुंडी कुठं ठेवायचीस? काय करायचीस?

"इथंच, माझ्या पाटाशेजारी. महाराजांनी सांगितलेलं, दिवेलागणीला टोपली झाकायची, सकाळी काढायची. तशी झाकायची मी. पण आपल्या कारखान्यात रीत हाय ना. देवाला डोळे देताना खोलीत काही झाकून ठेवायचं नाय. पाण्याच्या माठावरचं झाकणसुद्धा काढतो आम्ही. मग डोळे काढायला बसले की टोपली पण काढायची."

"आणि डोळे कधी काढायचीस?"

"रोज रात्री जेवणवेळ टळेपर्यंत. परदेशी जाणाऱ्या मूर्ती ना, त्यांची दिवाळीपासून मेपर्यंत घाई असते."

तिच्या पाटाच्या वर पांढराशुभ्र मोठा दिवा लटकत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

कलांचो फुलायचं की नाही हे रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. दिवाळीनंतर रात्री मोठ्या होतात. काही आठवडे सलग लांब, अखंड काळोख मिळाला की ते कळ्या धरतं. मध्येच लख्ख उजेड पडला तर त्याच्या लेखी रात्र लहानच, म्हणून ते पानंच वाढवत बसतं. महाराजांच्या टोपलीचं गुपित एवढंच होतं. आणि माझ्या बहिणीनं सासऱ्यांची रीत मनोभावे पाळली, म्हणून ती मळकी ठरली.

मी महाराजांकडे जाऊन हात जोडले. नवी कुंडी द्या, म्हटलं, पण स्वतः मंत्र घालून. त्यांनी कुंडी कपाळाला लावली, पानांवर फुंकर मारली आणि म्हणाले, "दगडाच्या घरीही फुलेल." ती मी कारखान्यात त्याच दिव्याखाली ठेवली. आता डोळे निलेश काढायचा, पण त्या वेळी टोपली काढायची रीत नेहमीप्रमाणे चालू राहिली. समीक्षाची 'मळकी' कुंडी मी त्याच दिवशी माझ्या घरी नेली. माझ्याकडे देवघर नाही, हे सगळ्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे. शाळेतून आलो की कुंडीवर पुठ्ठ्याचा खोका, सकाळी शाळेला निघताना तो बाजूला. उन्हात ठेवायचो, माती सुकली तरच पाणी.

मे महिन्यात ती फुलली. एसटीत मांडीवर घेऊन मी पेणला गेलो आणि दोन्ही कुंड्या हैबतरावांसमोर शेजारी शेजारी ठेवल्या. मंत्राच्या कुंडीवर पानं होती आणि नास्तिकाच्या कुंडीवर फुलं. मी रात्रीचा सगळा हिशेब समजावून सांगितला. चंद्रावतीबाई उठून आत गेली.

"म्हणजे आमच्या बापाच्या रीतीनं अडवलं?" हैबतराव म्हणाले.

"रीतीचा दोष नाही. झाडाला उजेड लागला, एवढंच."

ते उठले. मग निलेशच्या हातातला कुंचला घेऊन सुनेपुढे धरला. "बस गो पोरी आपल्या जागेवर."

समीक्षानं तो घेतला नाही. "आणि फूल आलं नसतं तर, आबा?"

  रोह्यापासून ते फूल मी तिच्या चारित्र्याचा दाखला असल्यासारखं मिरवत आणलं होतं. म्हणजे साक्षीदार मी महाराजांचाच घेतला होता. मान वर करून बहिणीकडे बघणं मला जड गेलं.

"सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं," ती म्हणाली. "तिथंच जाऊन सांगा. मग बसते."

पुढच्या गुरुवारी हैबतराव दोन्ही कुंड्या घेऊन त्या हॉलमध्ये उभे राहिले. महाराज म्हणाले, "हैबतराव, बसा. कलियुगात झाडंही भ्रमित होतात."

हैबतराव बसले नाहीत. "हिच्यावर मंत्र हाय, हिला फूल नाय. हिच्यावर खोका व्हता, हिला फूल हाय. काळोख मिळाला की हे झाड फुलतं, चोराच्या घरी पण. मास्तर सांगतात म्हणून मानू नका. घरी दोन कुंड्या ठेवा, एक झाका, एक दिव्याखाली ठेवा, आणि तुमच्या डोळ्यांनी बघा."

कोणी हसलं. दोन-चार जण उठून गेले. म्हातारा थांबला नाही.

"पण मी त्यासाठी आलो नाय. माझी सून रोज माझ्यासमोर काम करते, माझ्या घरात जेवते. तिचं मन कसं हाय, ते मला ठाऊक व्हतं. ठाऊक असून मी झाडाला विचारत बसलो. त्याची लाज वाटते, ती सांगायला आलो."